डबी उघडायची नाही

साळवे आमच्या ग्रंथालयात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी प्राचार्यांच्या देखत पट्टा काढला.

त्याआधी चपला काढल्या होत्या, त्या दाराबाहेर. मग मनगटावरचं घड्याळ, मग अंगठी, मग खिशातलं पेन, किल्ल्या आणि कंगवा. हे सगळं त्यांनी एका रुमालात बांधून माझ्या टेबलावर ठेवलं आणि शेवटी त्यांचा हात कमरेकडे गेला. आमचे प्राचार्य सभ्य गृहस्थ होते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. पट्टा निघाल्यावर साळव्यांनी पिशवीतून एक सुती नाडी काढून कमरेला बांधली, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाले, "बकल लोखंडी आहे. आत पडलं, घासलं तर कोण जबाबदार? आता सांगा, मशीन कुठे आहे."

मशीन त्यांच्या समोर दोन हातांवर होतं.

मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. ग्रंथालयाला नुकताच एक कॉम्प्युटर मिळाला होता आणि त्याच्यासाठी वाचनकक्षाचा एक कोपरा प्लायवूडने बंद करून, पडदे लावून दिला होता. तिथे सगळेच चपला काढून जात. बाकीच्यांचा भाव देवघरात गेल्याचा असे. साळव्यांचा तसा नव्हता. ते देखभालीच्या कंत्राटावरचे माणूस, महिन्यातून एकदा यायचे, आणि त्यांच्या मते त्या खोलीत देव वगैरे काही नव्हता. एक नाजूक प्राणी होता आणि त्याला मारायला टपलेले आम्ही होतो.

मशीन उघडण्याचा त्यांचा विधी अर्ध्या तासाचा होता. दुरुस्ती पुष्कळदा पाच मिनिटांची असे. आधी ते भिंतीतला स्विच बंद करत, मग प्लग काढत, मग वायर मशीनच्या बाजूनेही सोडवून घेत आणि वेटोळं करून पँटच्या खिशात कोंबत. तिचं टोक मागे शेपटीसारखं लोंबत राही.

"साळवे, वायर टेबलावर ठेवली तर नाही का चालणार?" मी एकदा विचारलं.

"नाही सर. स्विच बंद केला की कुणीतरी येऊन चालू करतो. प्लग काढला की कुणीतरी येऊन लावतो. लोक उपकार करायला फार तत्पर असतात. वायर माझ्या खिशात असली की त्यांना उपकार करता येत नाहीत."

मग ते बंद मशीनचं बटण दोनदा दाबत. "उरलीसुरली निघून जाऊ दे." मग खिडकीपाशी जाऊन लोखंडी नळाला हात लावून येत. आपल्या अंगात वीज साठते, ती नळावाटे जमिनीत सोडायची, असं त्यांचं म्हणणं होतं. "आपल्याला कळत नाही, चिपला कळतं. आणि चिप लगेच मरत नाही सर. महिन्याभराने मरते. तेव्हा कुणी कबूल होत नाही."

कपडे सुती, कायम. टेरिलीन, नायलॉन अंगावर असलेल्या माणसाला ते तीन फरश्या दूर उभं करत. आमचे हेडक्लार्क दातार पहिल्याच दिवशी कौतुकाने आत डोकावायला आले, तर साळवे मान वर न करता म्हणाले, "तिथेच थांबा. मशीनला शिवायचं नाही. शर्ट टेरिलीनचा आहे तुमचा."

दातार हसले. "आमची आजी गेल्यापासून हे ऐकलं नव्हतं हो कुणाकडून."

"माझ्या आजीनेही ऐकलं होतं," साळवे स्क्रू फिरवत म्हणाले. "पलीकडच्या बाजूने. तुम्ही तिथेच थांबा."

दातार तिथेच थांबले. माझ्या माहितीप्रमाणे निवृत्त होईपर्यंत ते त्या तिसऱ्या फरशीच्या पुढे गेले नाहीत.

साळवे कळव्याला एका खोलीत एकटे राहत. खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एक खाट, आणि उरलेल्या जागेत मेलेल्या मशीनचे अवयव. चूल नव्हती. जेवण दोन्ही वेळचं खाणावळीत. आधी ते मानपाड्याच्या बाजूला एका कारखान्यात होते. तिथे इलेक्ट्रॉनिक सर्किटं जुळवणाऱ्या बाया मनगटाला पट्टा बांधून, सुती साड्या नेसून काम करत, आणि साळवे त्यांच्यावर देखरेखीला होते. कारखाना बंद पडला, बाया घरी गेल्या. शिस्त तेवढी साळव्यांबरोबर बाहेर पडली आणि आमच्या वाट्याला आली.

स्क्रू ठेवायला त्यांच्याकडे इडलीपात्राची एक ताटली होती. प्रत्येक खळगा ठरलेला. वरच्या दोन खळग्यांत कॅबिनेटचे, मधल्यात कार्डांचे, खालच्यात हार्ड डिस्कचे. एकदा माझ्या हातून एक स्क्रू चुकीच्या खळग्यात पडला. त्या दिवशी साळवे माझ्याशी पुढे बोलले नाहीत.

पण या सगळ्याहून कडक नियम डबीचा. कॅबिनेट उघडलं की मागच्या कोपऱ्यात पत्र्याची एक बंद पेटी दिसते. तिच्यात एक छोटा पंखा असतो. भिंतीतली वीज आधी तिच्यात येते आणि तिथून मशीनला झेपेल तशी वाटली जाते. धंद्यातली माणसं तिला एसएमपीएस म्हणतात. साळवे डबी म्हणत. "डबी बिघडली तर बदलायची. उघडायची नाही. वायर काढली तरी आत वीज असते. झोपलेली असते, मेलेली नसते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान चाळीस वेळा ऐकलं. बिघडलेली डबी ते मागे ठेवत नसत. कुणीतरी हौशी माणूस तीत स्क्रूड्रायव्हर घालेल म्हणून कापडात गुंडाळून बरोबर नेत. आमच्याकडचे एक प्राध्यापक त्यांना समजवायला गेले, "अहो साळवे, मी फिजिक्स शिकवतो." साळवे म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला जास्त सांगावं लागतं."

आणि वही. लांबट, पुठ्ठ्याची, पाच रकाने आखलेली: तारीख, ठिकाण, सूचना, सही, शेरा. ज्याला सूचना दिली त्याने तिथल्या तिथे सही करायची. पुढच्या खेपेला येऊन साळवे तपासणी करत आणि शेरा भरत. शेरे दोनच होते, 'ऐकलं' आणि 'ऐकलं नाही'. मी ती वही पुढून मागून चाळली आहे. 'ऐकलं' हा शेरा त्यांनी कसा लिहिला असता हे मला सांगता येणार नाही, कारण तो मला कुठे सापडला नाही. मशीनवर चहाचा कप ठेवू नये, ऐकलं नाही. पडद्यावर बोट लावून दाखवू नये, ऐकलं नाही. प्राचार्यांच्या सहीसमोरही ऐकलं नाही.

एकदा मात्र साळवे स्वतः सापडले. मशीन साफ करून, बंद करून, रुमाल सोडवून, पट्टा बांधून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी मशीन चालू होईना. वायरच नव्हती. ते आले, चेहरा गंभीर. कोण कोण आत आलं होतं, कपाट कुणी उघडलं, अशी तासभर चौकशी केली, दातारांकडे दोनदा संशयाने पाहिलं. मग बसले, आणि बसल्याबरोबर उठले. वायर खिशात होती. ती काल ठाण्याहून कळव्याला गेली होती, रात्रभर खुंटीवरच्या पँटमध्ये राहिली होती आणि सकाळी परत आली होती.

"साळवे, वहीत लिहा," मी म्हणालो.

"ही वही दुसऱ्यांसाठी आहे," ते म्हणाले.

पुढे कॉलेजात नवीन मशीन आलं आणि जुनं मी डोंबिवलीला घरी आणलं. ते हवं होतं माझ्या बायकोला. शैला शाळेत शिक्षिका होती. शाळा खाडीकडच्या गावांना जवळ, आणि वर्गातली निम्मी मुलं घरात आगरी बोलणारी. एखादा मुलगा निबंधात आईला 'आयस' आणि बापाला 'बापूस' लिहायचा. शाळेचा शिरस्ता तो शब्द लाल शाईने खोडण्याचा होता. शैलाही पहिली काही वर्षं खोडत होती. मग एक दिवस तिने तो खोडलेला शब्द दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला. पुढे ती पोरांच्या आयांकडे जाऊन बसायला लागली. मिठागरातले, भाताच्या खाचरातले, मासे सुकवण्यातले शब्द तिने उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहून आणले आणि घरी मशीनवर अर्थासकट टाइप केले. आठ वर्षं हे चाललं होतं. साडेतीन हजारांवर शब्द झाले होते. टाइप झालं की ती कागद रद्दीत टाकी. मशीनवर तिचा पूर्ण विश्वास होता, साळव्यांइतकाच अविश्वास असायला हवा होता तिथे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी साळवे आमच्याकडे येऊ लागले. घरच्या मशीनचं कसलं कंत्राट नव्हतं. मी तेव्हा समजत होतो की त्यांना आमची खात्री वाटत नाही.

शैला रविवारी न्हायची. पावसाळ्यात तिचे केस वाळत नसत. ते कमरेपर्यंत होते. मशीनच्या मागून पंखा गरम हवा बाहेर टाकतो हा शोध तिने लावला, आणि मशीन चालू करून ती त्याच्याकडे पाठ करून वह्या तपासत बसायची. साळव्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दारातच थबकले.

"बाई, उठा तिथून."

"का? मशीनला लाज वाटते?"

"पंखा केस ओढून घेईल."

"मग ओरडेन की मी."

"तुम्ही ओरडाल. पंखा ओरडणार नाही. एकेक केस मुकाट्याने गुंडाळून घेईल आणि एक दिवस थांबेल. पंखा थांबला की डबी तापते आणि जळते."

"तुमचं लग्न झालंय का हो साळवे?"

"नाही."

"तरीच. आणा ती वही, सही करते. आणि ती इडलीची ताटली ठेवा बाजूला, आज घावन आहेत. चटणी आणलीत का त्यात?"

साळवे हसले नाहीत, पण घावन पाच खाल्ले. पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा शैला तिथेच बसली होती. त्यांनी वही उघडून 'ऐकलं नाही' लिहिलं, नवी सूचना लिहिली, तिने नवी सही केली. हे किती महिने चाललं मी मोजलं नाही. ती पूर्ण नावाने सही करायची, वळणदार, हजेरीपटावर करायची तशी. साळवे तक्रार करायचे, "सर, तुम्ही तरी सांगा." मी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायचो, "माझीही सही घ्या." मला त्या दोघांचं भांडण ऐकायला आवडायचं. त्यात मी पडायचो नाही.

एका श्रावणात शैला गेली. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त.

भेटायला सगळे आले. शाळेतल्या बाया आल्या, खाडीकडच्या गावांतून पोरांच्या आया आल्या, दातार दोनदा येऊन गेले. साळवे आले नाहीत. निरोप त्यांना पोचला होता, हे मला माहीत होतं. पहिला रविवार आला, गेला. दुसऱ्या महिन्याचाही गेला. यंत्राला जपणाऱ्या माणसाकडून मी उगाच अपेक्षा केली, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे एक शेरा मारून ठेवला.

सव्वादोन महिन्यांनी मी मशीनवरचं कापड काढलं. शब्दांचं पुस्तक करावं असं शैलाच्या शाळेतल्या बायांनी मनावर घेतलं होतं. बटण दाबलं. आतून काहीतरी घरघरलं, जळका वास आला आणि सगळं शांत झालं. पुन्हा दाबलं, काही नाही. तिने काढून ठेवलेल्या फ्लॉप्या शोधल्या. पावसाळ्याने त्यांच्यावर बुरशी चढली होती. कॉलेजातल्या मशीनवर एकही वाचली गेली नाही. कागद रद्दीत गेलेले. म्हणजे आठ वर्षांत तिने जमवलेलं जे काही होतं, ते त्या बंद पेटीत होतं किंवा कुठेच नव्हतं.

मी साळव्यांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात होते. चपला काढायला त्यांना फार वेळ लागला. मी वाट पाहत उभा होतो की आता तरी काही बोलतील.

"वायर काढलीत का?" ते म्हणाले.

"काढली."

"बटण किती वेळा दाबलंत?"

"दोनदा."

"एकदा जास्त दाबलंत."

मग रुमाल, घड्याळ, अंगठी, पट्टा, नाडी. स्वयंपाकघरात जाऊन नळाला हात लावून आले. त्या दिवशी तो अर्धा तास मला सहन होत नव्हता. वही टेबलावर होती. तिच्यात शैलाच्या सह्या होत्या, म्हणून मी तिच्याकडे बघत नव्हतो.

"डबी गेली," ते आत पाहून म्हणाले. "जाताना हार्ड डिस्कला घेऊन गेली की एकटीच गेली, ते आता बघायचं." पिशवीतून त्यांनी नवी डबी काढली. येतानाच घेऊन आले होते. बसवली, प्रत्येक वायर दोनदा तपासली, खिशातली वायर काढून लावली, आणि मला म्हणाले, "तुम्ही खिडकीपाशी उभे राहा सर. काही झालं तर तिथून दिसणार नाही."

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. मग वर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकायला लागली. साळवे हात पाठीमागे बांधून उभे होते, डॉक्टर बाहेर येईपर्यंत नातेवाईक राहतात तसे. हार्ड डिस्क करकरली, थांबली, पुन्हा करकरली. अक्षरं आली. त्यांनी खुर्ची सरकवून मला बोलावलं. मी फाइल उघडली. 'अ' झाला, 'आ' आला. आयस. पुढे शैलाने अर्थ दिला होता: आई. वर्गात खोडू नये.

मी किती वेळ वाचत होतो माहीत नाही. वळून पाहिलं तर साळवे जुनी डबी उजेडात धरून उभे होते. पंख्याच्या जाळीतून आत दिसत होतं. आसाभोवती लांब केस गुंडाळले गेले होते, एकावर एक, रिळावर दोरा असतो तसे. काळे, मधे एखादा पांढरा.

त्यांचं वाक्य मला ठाऊक होतं. मी त्याची वाट पाहिली. ते येईना तेव्हा मीच म्हणालो, "म्हणा ना. सांगितलं होतं म्हणा."

"धूळ पण आहे," साळवे म्हणाले.

"ते केस काढता येतील?"

"आतून गुंडाळलेत. डबी उघडावी लागेल."

"मग उघडा."

"डबी उघडायची नाही सर. मी कुणासाठी उघडत नाही." आणि नेहमीप्रमाणे ती कापडात गुंडाळून त्यांनी पिशवीत घातली.

"ती इथे राहू द्या," मी म्हणालो.

"तुम्ही स्क्रूड्रायव्हर घालाल," ते म्हणाले आणि गेले. मी दार जरा जोरात लावलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आले. मी दार उघडून बाजूला झालो, बसा म्हणालो नाही. ते बसले. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला पट्टी होती.

"काय झालं?"

"भाजी चिरताना."

खाणावळीत भाजी चिरायला लावत नाहीत, हे मी बोललो नाही. त्यांनी पिशवीत हात घालून एक चंदेरी पिशवी काढली. मशीनचे नाजूक भाग ज्यात येतात, ती. आत ठेवलेल्या वस्तूला बाहेरची वीज लागत नाही. या पिशव्या ते घडी घालून वर्षानुवर्षं वापरत. दातारांनी एकदा सुपारीसाठी एक मागितली तर साफ नाही म्हणाले होते. तिचं तोंड चिकटपट्टीने नीट बंद केलेलं होतं. मी हातात घेतली. वजन लागलं नाही. बोटांना आत काहीतरी मऊ लागलं, वेटोळं करून ठेवलेलं. एकही केस तुटलेला नसणार, हे न उघडता कळलं.

"पिशवी परत नको," साळवे म्हणाले.

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "नवी डबी बसवल्याची सही राहिली होती तुमची. करून ठेवा, मी पाणी पितो." ते स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांना भांड्याची जागा माहीत होती. नळ वाहत होता, पण भांडं भरल्याचा आवाज येत नव्हता, आणि ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी सही केली. वही मिटताना माझ्या सहीच्या खालची ओळ दिसली. शाई ताजी होती, अक्षर जरा वाकडं आलं होतं.

ठिकाण: माझी खोली, कळवा. सूचना: डबी उघडायची नाही. सही त्यांचीच, पूर्ण नावाने. आणि शेवटच्या रकान्यात शेरा:

ऐकलं नाही.